आज फोन. ३ मिनिटे. घाईत होती.

या वेळचं पत्र चार पानी आहे. ते थोडं कापून देते. लिहिणारीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, बाकी शब्द तिचेच.

*ताई,*

*सात आठवड्यांपूर्वी माझे आजोबा गेले. ८८ वर्षांचे होते. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या पहाटे झोपेतच गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "सगळं बघून गेले, सोनं झालं." मी मान डोलवत होते. ऑफिसात रजा मागितली तेव्हा कळलं की 'जवळचे नातेवाईक' या यादीत आजोबा बसत नाहीत. माझ्या शिल्लक रजेतले दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी मीटिंगला बसले. त्या मीटिंगमध्ये मी एका विनोदावर हसलेसुद्धा.*

*मी आजोबांजवळच वाढले. आई-बाबा दोघंही नोकरीला जायचे. शाळेतून आले की आजोबा दारात असत. ते कधी घाईत नसत. सायकलची चेन पडली की कशी बसवायची हे शिकवायला त्यांनी एक सबंध दुपार घालवली. स्वतः बोटही लावलं नाही, हात मागे बांधून उभे राहिले. (बाबा म्हणतात, आमच्या वेळी हे असे नव्हते, आम्हाला ते फक्त रविवारी दिसायचे. पण ते जाऊ दे.)*

*आता मी ३३ वर्षांची आहे. १४ जणांची टीम सांभाळते. मुलगा पाच वर्षांचा आहे. आई-बाबा आणि आजी-आजोबा एकत्र राहायचे, माझ्यापासून गाडीने दीड तासावर. गेली दोन वर्षं रोज रात्री साडेआठला दुसऱ्या देशातल्या टीमबरोबर माझा कॉल असतो. आजोबांची फोनची वेळ नेमकी तीच, बातम्या संपल्यावर.*

*मागच्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरताना डायऱ्या सापडल्या. निळ्या शाईत रोज दोन-तीन ओळी. पाऊस आला, नळाची तोटी बदलली, दिवे ४० मिनिटे गेले. आणि माझे फोन. "आज फोन. ३ मिनिटे. घाईत होती." "फोन आला. मीटिंगमधून. नंतर करते म्हणाली." "फोन नाही. रविवार असून." "फोन. ११ मिनिटे. बाळाचा आवाज ऐकवला. हसला." काही नोंदींभोवती पेन्सिलने गोल केलेला आहे, त्याचा अर्थ लागत नाही. तुम्हाला काय वाटतं? मी रात्रभर वाचत बसले होते.*

*राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. नवरा म्हणतो, "दे, बघू पुढचं पुढे." पण घराचा हप्ता दोघांच्या पगारावर आहे. इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टींना महत्त्व दिलं, एवढं मला आता कळलंय. आई म्हणते, होईल कमी हळूहळू. मला भीती वाटते ती त्याचीच. कमी होईल आणि मी पुन्हा होते तशीच होईन. आजी गप्प असते. मी काय करू?*

*घाईतली नात*

प्रिय नात,

'घाईतली' हा शब्द मी मुद्दाम गाळला. आजोबांनी एका संध्याकाळबद्दल लिहिलं होतं, 'घाईत होती.' तुम्ही ते उचलून स्वतःच्या नावाआधी जोडून टाकलंत. त्यांनी तसं केलेलं नाही.

राजीनाम्याकडे येते, पण आधी सात आठवड्यांबद्दल. सात आठवडे म्हणजे काहीच नाहीत. 'सोनं झालं' म्हणणाऱ्यांचा राग धरू नका, वाईट बोलायचं म्हणून कोणी ते बोलत नाही. पण त्या दोन शब्दांनी एक गोष्ट होते: ऐकणाऱ्याच्या तोंडातलं रडू तिथेच अडकतं. ८८ वर्षांच्या माणसासाठी ओक्साबोक्शी रडणं मग आगाऊपणासारखं वाटायला लागतं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला वेगळं नाव दिलं. ज्याला भोवतालची माणसं दुःख म्हणून मानतच नाहीत, ज्याला रजा मिळत नाही आणि ज्याच्याबद्दल 'अजून तेच?' असं विचारलं जातं, ते दुःख. मी त्याला बिनहक्काचं दुःख म्हणते. तुमच्या ऑफिसच्या यादीने तर ते लेखीच देऊन टाकलं. शाळेतून आल्यावर दारात जो माणूस उभा असायचा तो कागदोपत्री आजोबा असेल, पण दुपारपुरते तुमचे आई-बाप तेच होते. यादी करणाऱ्याला हे कुठून कळावं?

मीटिंगमध्ये हसलात त्याचं काय करायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते वाक्य तुम्ही तिथे ठेवलंत म्हणून विचारलंत असं मी धरते. दुःखाचे पाच टप्पे असतात असं कुठेतरी वाचायला मिळालं असेल. ते टप्पे मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले तेव्हा त्या बोलत होत्या ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी. मागे राहिलेल्यांनी पायरी-पायरीने चढायचा तो जिना नव्हता. त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये केलेलं वर्णन मला अनुभवाच्या जास्त जवळचं वाटतं. माणूस झोका घेत राहतो. घडीभर गेलेल्या माणसात बुडतो, घडीभर विजेचं बिल भरतो, टीमशी बोलतो, हसतोसुद्धा, पुन्हा बुडतो. हे येणं-जाणं म्हणजेच सावरणं. त्यामुळे तिसऱ्या दिवशीचं ते हसू कोरडेपणाच्या खात्यावर टाकू नका.

आता डायऱ्या.

तुम्ही पाठवलेल्या चार नोंदी मी एका कागदावर एकाखाली एक उतरवल्या आणि तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला. पहिल्या दिवशी मलाही त्यात तक्रारच दिसली. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा 'दिवे ४० मिनिटे गेले' या नोंदीवर अडखळले. दिवे गेले की तुमचे आजोबा घड्याळ बघत होते. म्हणजे ते मोजणारे गृहस्थ होते. तोटी, पाऊस, दिवे आणि नात, सगळं एकाच शाईत, एकाच निगुतीने. त्या '३ मिनिटे'त तुमच्याविरुद्ध भरलेला खटला शोधू नका. काही माणसांना एखादी गोष्ट मनाला लागली की बोलून दाखवता येत नाही, ती आकडा टिपून ठेवतात. फोन ३ मिनिटांचा झाला तरी त्या दिवसाच्या दोन-तीन ओळींत त्याला जागा मिळाली, हेही बघा.

तरी मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. 'फोन नाही. रविवार असून.' या ओळीत वाट पाहणं आहे आणि ते 'असून' फार बोलतं. तुम्ही कमी पडलात का? हो, थोड्या पडलात. मोठ्या झालेल्या, संसारात आणि नोकरीत बुडालेल्या बहुतेक नाती पडतात तितक्या. हे मी कठोरपणाने म्हणत नाही. 'छे, तुझं काही चुकलं नाही' म्हणून अपराधीपणाला हाकललं तर तो मागच्या दाराने दुप्पट होऊन येतो, असा माझा अनुभव आहे. 'हो, एवढं चुकलं' म्हटलं की निदान त्याचं माप कळतं. मापात आलेली गोष्ट उचलता येते.

आणि माप घेताना चौथी नोंदही मोजा. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पश्चात्तापाचा अभ्यास केला. त्यात त्यांना दिसलं की ताज्या काळात माणसाला आपण केलेल्या चुका बोचतात आणि वर्षं उलटली की न केलेल्या गोष्टी. हे असं का, याचं उत्तर आजोबांच्याच डायरीत सापडतं. न केलेल्या फोनला शेवट नसतो. त्यात काय काय बोललो असतो हे मन कितीही भरत राहतं. झालेला फोन मात्र ११ मिनिटांत संपतो, म्हणून तो लहान दिसतो. त्या ११ मिनिटांत बाळ हसलं होतं. ते त्यांनी लिहून ठेवलं. तुम्ही ते माझ्यासाठी उतरवून काढलंत आणि त्यावर एक अक्षरही बोलला नाहीत.

आता 'भलत्याच गोष्टींना महत्त्व दिलं' या वाक्याकडे. मरताना कोणी 'ऑफिसात आणखी थोडा वेळ बसायला हवं होतं' असं म्हणत नाही, हा सुविचार या सात आठवड्यांत कोणीतरी तुम्हाला पाठवला असेलच. मला तो आवडत नाही. मरणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचा नसतो. मुलाच्या शाळेची फी, टीममधल्या नवख्या पोराची चूक, आईच्या डोळ्यांची तपासणी यातलं काही त्याच्या वाट्याला उरलेलं नसतं. शेवटच्या मुक्कामावरून मागे बघितलं की डोंगर तेवढे दिसतात, वाटेतले खड्डे दिसत नाहीत. तुम्हाला उद्या सकाळी त्या खड्ड्यांतूनच गाडी काढायची आहे.

आणि तुमच्या पत्रातलं एक फार महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत, वर 'ते जाऊ दे' म्हणालात. जाऊ कसं देऊ? बाबांना त्यांचे वडील फक्त रविवारी दिसायचे. तुम्ही आठ वर्षांच्या होतात तेव्हा आजोबा ६३ चे होते. ज्या दुपारी ते हात मागे बांधून उभे होते त्या दुपारी त्यांना कुठे जायचं नव्हतं. तेच ३३ वर्षांचे असताना बाबांच्या सायकलची चेन पडली असेल तर ती कोणी बसवली, हे एकदा बाबांना विचारून बघा. बहुधा कोणीच नाही, किंवा आजीने. तुम्ही ३३ वर्षांच्या स्वतःला ६३ वर्षांच्या आजोबांशेजारी उभं करून नापास करता आहात. ३३ वर्षांच्या आजोबांशेजारी उभ्या राहिलात तर दोघं एकमेकांना चांगलेच ओळखाल.

यात आजोबांना कमी लेखायचा हेतू नाही. उलट मला वाटतं, आपण मुलाच्या वेळी काय हुकवलं हे त्यांना ठाऊक असावं. चेन बसवायला त्यांना दोन मिनिटं लागली असती. तुम्ही ती चुकीच्या दातावर बसवत होतात, तळहात काळे झाले असणार, एखादा थेंब डोळ्यातही आला असेल, आणि शेजारचा माणूस 'आण इकडे' म्हणत नव्हता. याला सवड म्हणतात. वेळ हा शब्द वेगळा. वेळ प्रत्येकाजवळ तेवढाच असतो, म्हणून त्याचा हिशेब मांडता येतो. सवड कधीकधी पाच मिनिटांचीही असते आणि कधी पूर्ण रिकाम्या दिवसातही सापडत नाही. राजीनामा दिलात तर वेळ नक्की मिळेल. सवड मिळेलच असं नाही. हप्त्याच्या काळजीत दिवसभर फोन चाळणारी आई पाच वर्षांच्या मुलाला संध्याकाळी दमून आलेल्या आईपेक्षा जवळची असते, यावर माझा विश्वास नाही.

आईचं 'होईल कमी' आणि तुमची भीती, दोन्ही बरोबर आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेनसन यांनी यावर बरंच संशोधन केलं आहे. पुढे किती काळ उरलाय असं आपल्याला वाटतं, त्यावर आपण कोणाला जवळ करतो हे ठरतं, असं त्यांचं म्हणणं. काळ भरपूर वाटला की नव्या ओळखी, नवी माहिती, नव्या संधी हव्याशा वाटतात. थोडा वाटला की जुनी, जवळची माणसं. यात वयाचा भाग आपण समजतो त्याहून कमी असतो. एचआयव्हीने आजारी असलेल्या तरुणांचा कल म्हाताऱ्या माणसांसारखा निघाला. उलट वृद्धांना 'समजा, नव्या औषधामुळे तुम्हाला आणखी २० वर्षं मिळणार आहेत' असं सांगितलं तेव्हा जवळच्यांकडचा त्यांचा ओढा ओसरला. तुमचं हेच झालंय. आजोबा गेले आणि काळ एकदम थोडा वाटू लागला, जवळचं लखलखीत दिसायला लागलं. काही महिन्यांत काळ पुन्हा लांबलचक वाटेल. तेव्हा तुम्ही वाईट झाला असाल असं नाही. डोळ्यांवरचा तो प्रकाश गेलेला असेल, एवढंच.

मग त्या प्रकाशाचं करायचं काय? इथे माझाच एक फजितीचा किस्सा सांगते. माझी आजी गेली तेव्हा मी २६ वर्षांची होते. त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर मी पाच कलमांची यादी केली, आयुष्य इथून पुढे कसं जगायचं त्याची. ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. ११ वर्षांनी घर बदलताना ती वही हाताला लागली. चार कलमं पार मोडीत निघाली होती. त्यातलं एक 'रोज पहाटे पाचला उठणे' असं होतं. त्याचा आजीच्या मरणाशी काय संबंध होता, हे आता मला कोणी विचारू नये. पाचवं मात्र टिकलं होतं: दर गुरुवारी मावशीला पत्र. पुढे त्याचा फोन झाला. बाकीची चार कलमं उदात्त होती, हे अगदीच साधं. पण याला वार होता आणि पलीकडे एक माणूस होतं. एखादा गुरुवार चुकला की मावशी पुढच्या वेळी टोमणा मारायची. पहाटे पाचची वाट कोणीच पाहत नव्हतं.

तेव्हा प्राधान्यक्रम वगैरे मोठे शब्द तूर्त राहू द्या. वार ठरवा, वेळ ठरवा आणि पलीकडे वाट पाहणारं माणूस ठेवा. आत्ता लखलखीत दिसतंय तोवरच.

राजीनाम्याचा मेल पुसू नका. ड्राफ्टमध्येच असू दे आणि सहा महिन्यांनंतरची एक तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा, त्या दिवशी तो उघडून वाचायचा. आज दिलात तर तो तुमच्या वरिष्ठांच्या हातात पडेल, पण पत्ता आजोबांचा असेल. प्रायश्चित्त म्हणून नोकरी सोडली की पुढे प्रत्येक काटकसरीच्या महिन्यात त्या गेलेल्या माणसाच्या नावाने हिशेब निघतो. त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?

त्याआधी एक तपासा. तुम्हाला नोकरी सोडायची आहे की साडेआठ सोडायचे आहेत? पत्र पुन्हा वाचाल तर नोकरीबद्दल एकही वाईट शब्द तुम्ही लिहिलेला नाही. रुतलंय ते रोज साडेआठला ठाण मांडून बसलेलं काम. १४ जणांच्या टीममध्ये आठवड्यातून दोनदा तो कॉल सांभाळेल असं एकही माणूस नसेल तर ती टीम बांधण्यात तुमचंच काही राहिलंय, आणि असेल तर त्याला संधी द्या. वरिष्ठांशी बोलताना आजोबांचं कारण पुढे करू नका, यादीचा अनुभव आलाच आहे. 'मंगळवार आणि गुरुवार मी नसेन, अमुक जण घेईल,' एवढं पुरे. नाहीच म्हणाले, तर त्या नोकरीबद्दल तुम्हाला एक खरी माहिती मिळेल आणि मग ड्राफ्टमधला मेल वेगळ्या कारणासाठी उघडता येईल. तो राजीनामा तुमचा स्वतःचा असेल.

प्रकृतीबद्दल दोन शब्द, लांबवत नाही. एखाद-दुसरी रात्र डायऱ्या वाचत जागून काढली तर बिघडत नाही. रेंगाळणाऱ्या शोकाला आता वैद्यकीय वर्गीकरणांत स्वतंत्र जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित वर्गीकरणात प्रौढांसाठी १२ महिन्यांची. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पण झोप आणि भूक परत येतच नसेल, काम हातून होत नसेल किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर महिने मोजत बसू नका, त्याच आठवड्यात समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना गाठा.

आता ज्या वाक्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. चार पानांत तीन शब्दांचं एक वाक्य आहे. 'आजी गप्प असते.' त्यानंतर थेट 'मी काय करू?'

पंचावन्न-साठ वर्षांचा तरी संसार असेल त्या दोघांचा. बातम्या संपल्यावर आजोबा फोनची वाट पाहत बसायचे तेव्हा आजी कुठे असायची? मला वाटतं, त्याच खोलीत. ३ मिनिटांचा फोन संपला की 'काय म्हणाली?' असं कोणीतरी विचारत असणार आणि 'घाईत होती' हे आजोबा आधी तोंडाने म्हणत असतील, मग डायरीत लिहीत असतील. पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्या आईला घरी यायला उशीर झाला की तुमच्या दोन वेण्या कोणी घातल्या, सायकलवरून पडल्यावर गुडघा कोणी धुतला, हे पत्रात नाही. मी दोष देत नाही. गेलेल्या माणसावर उजेड पडतो तेव्हा शेजारचं माणूस अंधारात जातं, सगळीकडे असंच होतं. पण तुम्हाला काळ थोडा आहे हे कळलंय ना? मग तो कोणाचा थोडा आहे, ते नीट बघा. आजोबांचा तर संपला.

तिला फोन करून 'कशी आहेस?' विचारू नका. 'बरी आहे' येईल आणि फोन ३ मिनिटांच्या आत आटपेल. गप्प माणसाकडे काहीतरी काम घेऊन जावं. मोकळे केलेले मंगळवार-गुरुवार साडेआठला फोन करा, आणि सुरुवातीला निदान एका रविवारी प्रत्यक्ष जा. मुलाला न्या. एक डायरी काढा, तिच्याजवळ बसा आणि वाचून दाखवा. तुमच्या फोनच्या नोंदी सोडून द्या, तोटी आणि पाऊस वाचा. थोडा वेळ ती ऐकेल. मग कधीतरी दुरुस्ती येईल: "तोटी त्यांनी कुठली बदलली, माणूस मी बोलावला होता." तिथून पुढे तुम्हाला फारसं काही करावं लागणार नाही. मुलगा मध्येच कंटाळेल, बाहेर पळेल. पळू द्या. बाबाही दारात येऊन उभे राहिले तर त्या चेनबद्दल विचारायला विसरू नका.

राहता राहिले पेन्सिलचे गोल. मला काय वाटतं, असं विचारलंत. मी बराच वेळ तर्क केले, लांबलेले फोन असतील, वाढदिवस असतील, औषध बदललेले दिवस असतील. कोणत्या नोंदींभोवती गोल आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे पुढे जाता येईना. मग वेगळंच काही लक्षात आलं. डायऱ्या निळ्या शाईत आहेत, पहिल्या पानापासून. शाईने लिहिणारा माणूस गोल करायला उठून पेन्सिल शोधायला जात नाही. ते गोल आजोबांनी केले असं तुम्ही धरून चाललात आणि तुमच्यामागून मीही.

त्या घरात पेन्सिल कोण वापरतं, ते रविवारी गेलात की बघा.